उन्हाचा हिशेब

पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस २१ जूनच्या सुमारास असतो. त्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तेरा तास चौदा मिनिटे जातात. सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या आसपासचा; तो अकरा तासांचा. भूगोलाच्या पुस्तकातून एवढे शिकलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने, 'म्हणजे पुण्यात सर्वांत जास्त ऊन जूनच्या अखेरीस पडते', असा निष्कर्ष काढला तर त्याच्या गणितात काही खोट नाही. तो खिडकीबाहेर पाहायचे विसरला, इतकेच.

१९७१ ते २००० या तीस वर्षांच्या सरासरीवरून पुण्याचा खरा हिशेब असा दिसतो. जानेवारीत रोज साधारण साडेनऊ तास ऊन. फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत दहा तासांच्या आगेमागे. जूनमध्ये हा आकडा एकदम सहावर येतो, जुलैत चारच्याही थोडा खाली जातो आणि ऑगस्टमध्ये तर साडेतीनवर टेकतो. सप्टेंबरात पुन्हा सहा, ऑक्टोबरात आठ, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात नऊच्या पुढे. वर्षाची बेरीज २,९०० तासांच्या जवळपास जाते.

ही बेरीज मोठी की लहान? एक साधी गोष्ट लक्षात घेतली तर याचे उत्तर सोपे होते. पृथ्वीवरच्या कोणत्याही गावाला वर्षभरात मिळणारा 'दिवस' जवळजवळ सारखाच, म्हणजे सुमारे ४,४०० तासांचा असतो. विषुववृत्तावर तो रोज बारा-बारा तासांच्या सारख्या हप्त्यांनी मिळतो, ध्रुवावर सहा महिन्यांच्या एकाच हप्त्याने. एकूण रक्कम तीच. खगोलशास्त्र येथवरच येते. या रकमेतले किती तास प्रत्यक्ष ऊन म्हणून जमिनीवर पोचतात हे आकाश ठरवते. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटातले यूमा हे शहर जगातल्या सर्वांत उन्हाळ शहरांत गणले जाते. तेथे ४,००० तास पोचतात. लंडनला दीड-सोळाशे तासांवर समाधान मानावे लागते. पुण्याचे २,९०० म्हणजे शक्य तेवढ्यातले दोनतृतीयांश झाले. तेव्हा पुणे हे उन्हाचे शहर आहे यात शंका नाही. मात्र हे ऊन वर्षभरात फार विषम वाटलेले आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षाच्या एकूण दिवसप्रकाशाचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग येतो, आणि उन्हाचा मात्र जेमतेम पाचवा हिस्सा.

हे आकडे आले कोठून? पाऊस मोजायला भांडे लागते, तापमान मोजायला पारा लागतो. ऊन किती तास पडले हे मोजणारे उपकरण काय असू शकेल? दिवसभर आकाशाकडे पाहत बसणारा माणूस परवडत नाही, आणि तो जेवायला उठतोच. या प्रश्नाला जे उत्तर सापडले ते इतके साधे आहे की शाळेतल्या सामानातून त्याचे तत्त्व दाखवता येते.

जॉन फ्रान्सिस कँबेल (१८२१–१८८५) हा स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आयला बेटाचा. विज्ञानाच्या इतिहासापेक्षा लोककथांच्या अभ्यासकांना त्याचे नाव अधिक परिचयाचे आहे, कारण गेलिक भाषेतल्या कथा गावोगाव हिंडून, सांगणाऱ्यांच्या तोंडून ऐकून त्याने १८६० ते १८६२ या काळात चार खंडांत प्रसिद्ध केल्या. १८५३ साली त्याने एक लाकडी वाडगा घेतला आणि त्यात पाण्याने भरलेला काचेचा पोकळ गोल ठेवला. गोल म्हणजे कोणत्याही बाजूने पाहा, बहिर्गोल भिंगच. सूर्य आकाशात कोठेही असला तरी त्याच्या विरुद्ध बाजूला प्रकाशाचा बिंदू पडणारच. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे जाईल तसा बिंदू वाडग्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकेल आणि लाकूड जाळत जाईल. ढग आला की जळणे थांबेल. भिंग फिरवायला नको, घड्याळाला चावी द्यायला नको. ज्याचे मोजमाप करायचे तो सूर्यच लेखणी चालवतो. लोकांच्या तोंडच्या गोष्टी लिहून घेणाऱ्या माणसाला सूर्याकडूनही लिहून घ्यावेसे वाटले, यात आम्हाला तरी मोठी संगती दिसते.

(वर्गासाठी एक आकडेमोड. गोलाची त्रिज्या R आणि माध्यमाचा अपवर्तनांक n धरला तर गोलाच्या मध्यापासून नाभीचे अंतर nR भागिले २(n–१) इतके येते. काचेसाठी n = १.५ घातल्यास ते दीड त्रिज्या होते, म्हणजे नाभी काचेच्या पृष्ठभागापासून अर्ध्या त्रिज्येवर पडते. पाण्यासाठी n = १.३३ घेतल्यास दोन त्रिज्या, म्हणजे पृष्ठभागापासून एक पूर्ण त्रिज्या दूर. गोल बुडाच्या चंबूत पाणी भरून हे तपासता येईल. प्रयोग झाल्यावर चंबू उन्हात ठेवून जाऊ नये, हे सांगायला नकोच.)

कँबेलच्या वाडग्यात एकच अडचण होती. एक वाडगा तो एका अयनदिनापासून दुसऱ्या अयनदिनापर्यंत, म्हणजे सहा महिने, तसाच ठेवी. सूर्य रोज थोडा उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकत असल्यामुळे जळालेल्या रेघा एकीशेजारी एक पडत आणि शेवटी लाकडात खोल पन्हळ तयार होई. तो वाडगा पाहून सहा महिन्यांचा एकूण अंदाज येई. पण अमुक मंगळवारी किती तास ऊन होते हे त्यातून काढणे अशक्य. ही अडचण केंब्रिजच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८७९ साली दूर केली. द्रवातून खाली पडणाऱ्या गोळीच्या वेगाचा नियम शिकवताना आपण ज्यांचे नाव घेतो तेच हे स्टोक्स. त्यांनी लाकडी वाडग्याच्या जागी धातूची अर्धवट कड असलेली वाटी घेतली आणि तिच्या आत पुठ्ठ्याची पट्टी सरकवण्यासाठी खाचा केल्या. पट्टीवर तासांच्या रेषा छापलेल्या. रोज सूर्यास्तानंतर जुनी पट्टी काढायची, नवी घालायची. पाण्याऐवजी सुमारे दहा सेंटिमीटर व्यासाचा भरीव काचेचा गोळा आला. कँबेल–स्टोक्स नोंदक या नावाने हे उपकरण जगभर गेले, आणि तेव्हापासून आजवर त्याच्या रचनेत नाव घेण्यासारखा बदल झालेला नाही.

पट्ट्या तीन प्रकारच्या असतात. साधारण एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत लांब वक्र पट्टी, ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत आखूड वक्र पट्टी, आणि मधल्या दोन संपातकाळांत सरळ पट्टी. इंग्लंडमधल्या माणसाला यात काही विशेष वाटायचे नाही. तेथे लांब पट्टी म्हणजे लांब दिवस आणि लांब दिवस म्हणजे भरपूर ऊन. पुण्यात हीच लांब पट्टी एप्रिल-मेमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत जळते, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर तीच लांब पट्टी पुष्कळ वेळा कोरी बाहेर निघते. दोन्ही खाचा सूर्याच्या जागेवरून ठरलेल्या. मोसमी वाऱ्यांसाठी वेगळी खाच करण्याचे इंग्लंडमध्ये बसलेल्या कोणाला सुचण्याचे कारण नव्हते. कोरी निघालेली पट्टीसुद्धा तारीख लिहून जपून ठेवावी लागते, कारण 'ऊन नव्हते' हीही नोंदच आहे.

धुराची साक्ष

इंग्लंडला या उपकरणाची घाई का होती? शेती, आरोग्य, समुद्रकाठच्या विश्रामस्थळांची जाहिरात अशी अनेक कारणे होती. पण त्या नोंदींनी अधिक ठळकपणे जे दाखवले ते दगडी कोळशाच्या धुराविषयी होते. १८९० च्या डिसेंबर महिन्यात लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात सूर्यप्रकाशाचे एकूण तास शून्य नोंदले गेले. एकतीस पट्ट्या, एकही डाग नाही. एरवी 'यंदा धुके फार' म्हणून लोक जे सोडून देत, ते आता आकड्यात आले. १९५२ च्या डिसेंबरातल्या भीषण धूरधुक्यानंतर ब्रिटनमध्ये १९५६ साली शुद्ध हवेचा कायदा झाला, आणि त्यानंतर मध्य लंडनमधले हिवाळ्याचे ऊन वाढत गेल्याचे त्याच काचगोळ्यांच्या नोंदींवरून दिसले. ऊन मोजणारे उपकरण हवा किती मळली आहे हेही सांगते, हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

आपल्याकडे हवामानखाते १८७५ साली स्थापन झाले. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ यांच्या धसक्यातून जन्मलेले ते खाते. त्यामुळे वारा, वायुभार आणि पाऊस यांना पहिला मान मिळाला हे साहजिकच होते. ज्या देशात उन्हाची तक्रार 'फार आहे' अशीच असते, तेथे ते मोजण्याची निकड कोणाला वाटणार? १९२८ साली खात्याचे मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजूनही 'शिमला ऑफिस' म्हणतात. १९३२ साली डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली पुण्यातच कृषिहवामानाचा विभाग सुरू झाला, आणि मग पिकांच्या दृष्टीने जमिनीजवळच्या हवेचा, उष्णतेचा आणि उन्हाचा पद्धतशीर अभ्यास होऊ लागला.

पट्टी वाचायची कशी?

वर दिलेले साडेनऊ, चार, साडेतीन हे आकडे एखाद्या यंत्राने छापून दिलेले नाहीत. कोणीतरी रोज एक पुठ्ठ्याची पट्टी हातात घेऊन, जळालेल्या खुणांची लांबी मोजून ते काढले आहेत. जानेवारीतल्या निरभ्र दिवशी हे काम सोपे असते. एकच लांब सलग चर असतो. तरीही त्या चराची टोके गोलाकार असतात आणि ती थोडी छाटून मोजावी लागतात, कारण प्रकाशबिंदूला स्वतःची रुंदी आहे. खरी कसोटी लागते ती ढगांची ये-जा असलेल्या दिवशी. ऊन काही सेकंदच डोकावले तरी पुठ्ठ्यावर वाटोळा डाग पडतो, आणि तो डाग तासांच्या मापावर ठेवला तर कित्येक मिनिटांचा भरतो. असे डाग भाबडेपणाने बेरजेत धरले तर ऊन फुगते. म्हणून जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शिकेत नियम आहे की सुटे वाटोळे डाग दोन-तीन असतील तर सगळे मिळून तासाचा एकदशांश धरावा, चार ते सहा असतील तर दोन-दशांश, आणि याच क्रमाने पुढे. डोळ्यांना लहानसे वाटणारे हे नियम पाळले नाहीत तर दोन निरीक्षकांचा एकाच पट्टीचा हिशेब जुळत नाही.

उपकरणाच्या स्वतःच्याही खोडी आहेत. क्षितिजापासून तीन ते पाच अंशांपर्यंतचा सूर्य इतका मंद असतो की पुठ्ठा जळत नाही. त्यामुळे अगदी स्वच्छ दिवशीही सकाळ-संध्याकाळ मिळून अर्धापाऊण तास नोंदीबाहेर राहतो. पुण्याच्या जानेवारीत अकरा तासांच्या दिवसात साडेनऊ तास ऊन दिसते, म्हणजे शेकडा पंचाऐंशी. उरलेल्या पंधरा टक्क्यांतला बराच भाग ढगांनी नव्हे, तर काचगोळ्याच्या या आळसाने खाल्लेला असतो. शिवाय पुठ्ठा दमट असेल तर तो पेटायला जास्त कडक ऊन लागते. कोरड्या हवेत आणि दमट हवेत 'ऊन' या शब्दाचा अर्थ त्यामुळे थोडा बदलतो. हे टाळण्यासाठी १९८१ साली जागतिक हवामान संघटनेने व्याख्याच आकड्यात बांधली: सूर्याकडून थेट येणारी ऊर्जा दर चौरस मीटरला १२० वॅटपेक्षा जास्त असेल तेवढा काळ ऊन आहे असे समजायचे.

या मोजमापाचे सर्व दोष मान्य करूनही पुण्याच्या आकड्यांतून बरेच काही शिकता येते. तासांच्या दृष्टीने मे महिना सर्वांत पुढे, पण दिवसाच्या लांबीशी तुलना केली तर पहिला क्रमांक फेब्रुवारीचा लागतो: साडेअकरा तासांच्या दिवसात दहा तास ऊन. मे महिन्यात दिवस तेरा तासांचा होतो तरी दुपारनंतर वळवाचे ढग चढू लागतात आणि वाढलेली मिनिटे त्यांच्याकडे जातात. आणि जुलै-ऑगस्टची गोष्ट तर पावसाच्या आकड्यांवरून कळणारच नाही. पुण्याचा वार्षिक पाऊस सव्वासातशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गावांच्या मानाने किरकोळ. जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांपैकी हवामानखात्याच्या व्याख्येने 'पावसाचे' म्हणावेत असे दिवस चाळीसच्या आसपास भरतात. मग ऊन इतके कमी का? घाटमाथा ढगांतले पाणी काढून घेतो, ढग काढून घेत नाही. पश्चिमेकडून येणाऱ्या दमट हवेचा खालचा थर घाट ओलांडून पठारावर पसरतो आणि राखाडी पत्र्यासारखा दिवसदिवस डोक्यावर राहतो. पर्जन्यमापकात बोटभर पाणी नाही आणि पट्टीवर एक डाग नाही, अशी ही पुण्याची ऑगस्ट महिन्यातली सर्वसाधारण अवस्था. श्रावणातल्या ऊनपावसाच्या खेळाचे कौतुक आपण शाळेपासून ऐकतो. पट्ट्या सांगतात की या खेळात उन्हाची बाजू फार कमी वेळा येते.

शून्य सावलीचा दिवस अनेक शाळा आता साजरा करतात. पुण्यात असे दिवस वर्षातून दोनदा येतात, मेच्या तेरा-चौदा तारखेला आणि जुलैच्या तीस तारखेच्या सुमारास. दोन्ही दिवशी भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर. पण उपक्रम नेहमी मे महिन्यातच होतो, आणि सुट्टी असूनही मुलांना बोलवावे लागते. याचे कारण आता वेगळे सांगायला नको.

ऊन आणि उजेड

मराठीत आपण 'ऊन' आणि 'उजेड' हे दोन शब्द वेगळे वापरतो. ऊन पडते, उजेड असतो. ढगाळ दुपारी घरात दिवा न लावता वाचता येते, म्हणजे उजेड आहे. अंगणात सावली नाही, म्हणजे ऊन नाही. हवामानशास्त्रात हा भेद थेट आणि विखुरलेल्या प्रारणाचा आहे. काचगोळ्याला फक्त ऊन दिसते. सगळ्या आकाशातून येणारा उजेड त्याला एका बिंदूवर गोळा करता येत नाही, म्हणून तो त्याच्या लेखी शून्य. पीक मात्र उजेडावरही वाढते, सौर पट्टाही उजेडावर काही वीज देतो. तेव्हा तासांवरून ऊर्जा काढता येईल का?

स्वीडनच्या अँडर्स आँगस्ट्रॉम यांनी १९२४ साली याचे एक सरळ सूत्र सुचवले आणि ऑस्ट्रेलियातल्या प्रेस्कॉट यांनी १९४० साली ते थोडे बदलून आजच्या रूपात आणले. वातावरणाच्या बाहेर जेवढी सौर ऊर्जा येते तिचा काही ठरावीक अंश, अगदी एकही तास ऊन नसले तरी, उजेडाच्या रूपाने जमिनीवर पोचतो. त्यात उन्हाच्या तासांच्या प्रमाणात भर पडते. स्थानिक आकडे हाताशी नसतील तर हे दोन गुणांक ०.२५ आणि ०.५० घेण्याचा प्रघात आहे. पुण्यासाठी करून पाहू. जुलैत वातावरणाबाहेर दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे ३९ मेगाज्यूल ऊर्जा येते, आणि ऊन शक्य तासांच्या ३० टक्के. म्हणजे ०.२५ अधिक ०.१५, एकूण ०.४०, जमिनीवर साडेपंधरा मेगाज्यूल. जानेवारीत बाहेर साडेसत्तावीस मेगाज्यूल, ऊन ८५ टक्के, गुणांक ०.६७५, जमिनीवर साडेअठरा. म्हणजे जुलैचे ऊन जानेवारीच्या निम्म्याहून कमी असले तरी ऊर्जा मात्र सुमारे ८४ टक्के! सूर्य जास्त वेळ आणि जास्त उंचावर असतो आणि ढगांतूनही उजेड झिरपतो, म्हणून हे जमते. आरशाने किरण एकवटणारी सौर चूल जुलैत कुचकामी ठरते आणि छपरावरचा सपाट सौर पट्टा मात्र मुकाट्याने काही ना काही देत राहतो, याचा उलगडाही येथेच होतो. मात्र पुण्याचा जुलै मे महिन्याच्या शेजारी ठेवला तर तूट उघडी पडते. पाण्याची सोय असेल तेथे उन्हाळी भात खरिपाच्या भातापेक्षा अनेकदा सरस उतरतो, त्यामागे ढगांनी न अडवलेल्या या उन्हाचाही हात असतो.

सूत्र कितीही सोयीचे असले तरी त्यातले गुणांक कोणीतरी प्रत्यक्ष मोजून ठरवावे लागतात. आपल्याकडे हे काम उभे केले ॲना मणी (१९१८–२००१) यांनी. बंगलोरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणके यांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर त्यांनी संशोधन केले. पदव्युत्तर पदवी नाही या कारणास्तव त्या कामावर डॉक्टरेट मात्र मिळाली नाही. इंग्लंडमध्ये हवामान-उपकरणांचे शिक्षण घेऊन त्या १९४८ साली पुण्याच्या हवामानखात्यात रुजू झाल्या. परदेशातून येणारी उपकरणे येथेच बनावीत यासाठी शंभरएक उपकरणांचे आराखडे त्यांच्या देखरेखीखाली प्रमाणित झाले. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी भारतभर सौरप्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे विणले. चुकीचे मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे, अशी त्यांची ठाम धारणा होती. १९७६ साली निवृत्त झाल्यावरही त्या थांबल्या नाहीत. भारताच्या सौरप्रारणाच्या आकडेवारीचे त्यांचे हस्तपुस्तक १९८० साली निघाले. देशात सौर ऊर्जेची कामे आखणाऱ्यांना पुढे कित्येक वर्षे ते हाताशी ठेवावे लागले. आमच्या पिढीतल्या अनेकांनी ते आकडे वापरले. आकड्यांमागे बाई आहेत हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते.

घटते तास

आता धुराच्या मुद्द्याकडे वळू. १९८९ साली झुरिचच्या अत्सुमु ओमुरा यांनी आणि त्याच सुमारास इस्रायलमध्ये जेराल्ड स्टॅनहिल यांनी जुन्या नोंदी तपासताना एक विचित्र गोष्ट पाहिली. १९५० च्या दशकापासून जमिनीवर पोचणारा सूर्यप्रकाश अनेक देशांत कमी होत चालला होता. सूर्य मंद झाला नव्हता. हवेतले सूक्ष्म कण वाढले होते. ते कण काही प्रकाश परतवतात, काही शोषतात आणि ढगांची घडणही बदलतात. युरोपात प्रदूषणावर बंधने आल्यावर १९८० च्या दशकाच्या मध्यापासून प्रकाश पुन्हा वाढू लागला. भारतात तसे घडले नाही. बनारस हिंदू विद्यापीठ, पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि हवामानखाते येथील संशोधकांनी वीस केंद्रांच्या १९८८ ते २०१८ या काळातल्या नोंदी तपासून २०२५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. उत्तरेच्या मैदानात वर्षाला सरासरी तेरा तासांच्या आसपास ऊन कमी होत गेले; दख्खनच्या पठारावर तीन तासांच्या आसपास.

वर्षाला तीन तास म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. तीस वर्षांत नव्वद तास. पुण्याएवढ्या २,९०० च्या बेरजेत शेकडा तीन. येथेच आम्हाला काळजी वाटते. काचगोळे सर्वत्र निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी प्रकाशसंवेदी इलेक्ट्रॉनिक उपकरणे बसत आहेत. ती अधिक अचूक आहेत, त्यांना पुठ्ठा लागत नाही, संध्याकाळी माणूस लागत नाही. पण तुटक ढगांच्या दिवशी काचगोळा जास्त ऊन दाखवतो, हे ब्रिटनमध्ये दोन्ही उपकरणे शेजारीशेजारी चालवून केर आणि टॅबनी यांनी २००४ साली दाखवले, आणि हा फरक ऋतूप्रमाणे बदलतो. मग ज्या दिवशी एखाद्या केंद्रावर उपकरण बदलले त्या दिवशी आकड्यांत पायरी पडणार. ती पायरी शेकडा तीनपेक्षा मोठी असू शकते. दोन्ही उपकरणे काही वर्षे बरोबर चालवली असतील तर पायरी वजा करता येते. नसतील तर पुण्याचे ऊन खरेच घटले की फक्त मोजणारा बदलला, हे कोणालाही सांगता येणार नाही. जुन्या पट्ट्या जपलेल्या असतील तर त्या पुन्हा वाचता येतील. आकडा एकदा वहीत उतरला की पट्टीचे काम संपले असे समजून ती टाकून देणे हा आमच्या मते शुद्ध अपव्यय आहे.

शाळेत काचगोळा आणणे महाग पडते, पण नोंद ठेवायला तो लागतोच असे नाही. मोकळ्या अंगणात एक काठी रोवावी आणि सकाळी आठ ते संध्याकाळी पाच दर पंधरा मिनिटांनी पाळीच्या विद्यार्थ्याने एकच प्रश्न विचारावा: सावलीची कड ओळखू येते का? येत असेल तर एक उभी रेघ, नसेल तर शून्य. चार रेघांचा एक तास. मधल्या सुट्टीतली आणि शेवटच्या तासातली रेघ चुकते, तेव्हा त्या पाळ्या दोघांना द्याव्यात. पंधरा जून ते पंधरा जुलै हा महिना यासाठी उत्तम. पहिल्या आठवड्यात मुलांचे एकमेकांशी वाद होतात, सावली 'आहे' कशाला म्हणायचे यावर. ते होऊ द्यावेत आणि जो नियम ठरेल तो वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवावा. पुढल्या वर्षीच्या मुलांना तो लागेल.